पहिल्या तारखेचं माप

३ मार्च, सोमवार

तीन तास! त्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर तीन तास बसून पाठीचा पार भुगा झाला. आणि ठरलं काय? गाडीतळाची फरशी करडी नको, लाल हवी. बास. एवढंच.

गावात पर्यटक आणायचे, पण गाव टिकवून आणायचे — त्याचा आराखडा करायला ही समिती. अध्यक्षांना 'शाश्वत' हा शब्द नवाच सापडलाय. शाश्वत रस्ता, शाश्वत गाडीतळ. किनाऱ्यावर गावाच्या नावाची पुरुषभर उंच अक्षरं उभारायची, लोकांना फोटो काढायला — तीसुद्धा शाश्वत! सत्तर वर्षांत मी शाश्वत अशी एकच गोष्ट पाहिली. ह्यांच्या बैठका.

मी हात वर केला. म्हटलं, "माणसं येतील, आंघोळ करतील, संडासला जातील. पाणी कुठून आणणार?" अध्यक्ष म्हणाले, "मावशी, तो तांत्रिक मुद्दा आहे." तांत्रिक! चार बादल्या पाणी तांत्रिक कधीपासून झालं? मला समितीत घेतलंय ते फॉर्मवर 'ज्येष्ठ महिला' असा रकाना होता म्हणून. रकान्याने बोलायचं नसतं, हे आधी सांगायला हवं होतं कोणीतरी.

एक मात्र बरं. आराखडा करायला शहरातून जी पोरगी पाठवलीय, ती वळून माझ्याकडे बघत होती. वहीत काहीतरी टिपूनही घेतलं तिने.

४ मार्च, मंगळवार

पाठ अजून ठणकतेय. लाल फरशी!

९ मार्च, रविवार

आराखडेवाली आज घरी आली. उन्हातून चालत, तोंड टोमॅटोसारखं लाल. दोन ग्लास पाणी घटाघटा प्यायली. चिरंजीव लगेच पुढे — "फिल्टरचं आहे हं!" दोन वर्षांपूर्वी शहरातली नोकरी सोडून आला तेव्हा ते यंत्र काखोटीला मारूनच आला. आता घरोघरी तेच. ज्यांच्याकडे नाही ते कॅन आणतात. विहिरीचं पाणी आंघोळीला, भांड्यांना, कपड्यांना. तोंडात कोणी घेत नाही.

पोरगी म्हणाली, "मावशी, तुम्ही पाण्याचं बोललात. पण विहिरीचं पाणी कमी होतंय याला काही आधार आहे का? नुसतं वाटतं म्हणून आराखड्यात घालता येत नाही."

मी उठले आणि वह्या आणून तिच्या पुढ्यात ठेवल्या. एकोणीस वर्षांच्या! आमचे हे गावच्या पंपावर होते. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला, पंप सुरू व्हायच्या आत, विहिरीत दगड बांधलेला दोर सोडायचे. दगड पाण्याला टेकला की काठाशी दोर चिमटीत धरायचा, वर ओढायचा आणि कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत हाताने मोजत जायचं. इतके हात, इतकी बोटं. चोवीस बोटांचा हात. मग वहीत आकडा. त्यांचा एक ठरलेला क्रम असे — आधी बादली वर काढून ओंजळभर पाणी प्यायचे, मग बाकावर टेकायचे, मग माप. मी म्हणायची, सकाळी सकाळी कसली एवढी तहान लागते हो तुम्हाला! हे नुसते हसायचे.

ते गेले त्याला अकरा वर्षं झाली. तेव्हापासून माप मी घेते. एक महिना चुकवला नाही. शाळा मला घडली नाही. ह्यांच्याच वहीतले आकडे गिरवत गिरवत शिकले, मग अक्षरं. हे लिहितेय तेही त्याच शाळेच्या जोरावर.

पोरगी पानं उलटत राहिली. डोळे हे एवढे मोठे! "मावशी, एवढी जुनी नोंद आमच्या ऑफिसातसुद्धा नाही." मग मला माझ्याच भाषेत समजावलं — समुद्राकाठी गोड पाणी खाऱ्या पाण्यावर सायीसारखं तरंगत असतं. साय किती ओरपायची ते ठरवायला हवं. किती छान सांगितलं! अध्यक्षांच्या तीन तासांत असं एक वाक्य नव्हतं.

जाताना विचारते, "काकांच्या प्रत्येक आकड्यापुढे हे टिंब कसलं?"

म्हटलं, "पेन टेकवून विचार करत बसायची सवय होती त्यांना."

"तुमच्या आकड्यांपुढे नाहीये."

"मी विचार न करता लिहिते!"

दोघी खूप हसलो.

१६ मार्च, रविवार

समितीच्या खोलीत भिंतीवर चादर लावून तिने आलेख दाखवला. सगळे मार्च महिन्याचे आकडे, एकापुढे एक. रेघ सरळ चालते, चालते, आणि अकरा वर्षांपूर्वी — धपकन खाली! चौदा हातांवर असलेलं पाणी एकदम सोळा हातांवर. मग पुन्हा सरळ.

"मावशी, त्या वर्षी काय झालं?"

त्या वर्षी काय झालं. माझ्या डोळ्यांपुढे जे आलं ते समितीत सांगण्यासारखं नव्हतं. मी म्हटलं, "त्याच वर्षी लॉज उभा राहिला. दोन बोअर घेतले त्याने, विहिरीपासून शंभर पावलांवर."

लॉजवाला समोरच बसला होता. चहाचा कप तोंडाशी नेला तो तिथेच राहिला. पहिल्यांदा — सहा महिन्यांत पहिल्यांदा — ती खोली गप्प झाली.

पोरीने मांडलं ते असं: सगळ्या गावात मिळून चाळीस खाटा, त्यापुढे एकही नाही. लॉजच्या चोवीस आहेतच. उरलेल्या सोळा गावातल्या घरांनी वाटून घ्यायच्या. नवा बोअर कोणालाच नाही. लॉजवाल्याला मागच्या मोकळ्या जागेत चोवीस तंबू ठोकायचेत आणि तिसरा बोअर मारायचाय, ते बंद. सहा एप्रिलला मतदान.

घरी येताना पाय जमिनीवर नव्हते. ह्यांना सांगावंसं वाटलं — बघा, तुमची वही आज चादरीवर झळकली!

१७ मार्च, सोमवार

झळकली, आणि माझ्याच घरात आग लावून गेली.

चिरंजीवांनी घरामागे सहा लाकडी खोल्यांसाठी फक्की मारून ठेवलीय. चुन्याच्या रेघा रोज सकाळी तिथे फेरी मारून बघतो, जणू रातोरात खोल्या उगवणार आहेत. सोळा खाटा वाटल्या तर आमच्या वाट्याला दोन खोल्या.

"सहाच्या दोन केल्यास आई! वहीतल्या रेघोट्यांनी!"

"रेघोट्या नाहीत त्या. तुझ्या बापाचं माप आहे."

"मग बापालाच सांग खोल्या बांधायला!"

म्हणाला आणि लगेच त्याचा चेहरा पडला. उठून भांडी घासायला बसला. एवढी आपटली की सूनबाई म्हणाली, "अहो, भांड्यांनी काय मत दिलंय का?"

त्याचं चुकलं असं मला म्हणवत नाही. बेचाळीस वर्षांचा माणूस, शहरात बरं चाललं होतं. मीच फोनवर म्हणत राहिले, ये इकडे, समुद्र आहे, घर आहे, काहीतरी करू. ते 'काहीतरी' म्हणजे ह्या सहा खोल्या. दोन खोल्यांवर तिघांचं घर चालत नाही, हे मला आलेख न काढताही कळतं. पण विहीरच गेली तर सहा खोल्यांत पाहुण्यांना काय, वाळूने आंघोळ घालणार?

२२ मार्च, शनिवार

लॉजवाला आला. हातात बिस्किटांचा खोका. "मावशी, तुम्ही मला आईसारख्या." ह्या वाक्याने जे सुरू होतं ते कुठे जातं, ते मला पाठ आहे. समुद्रावर बोलला, माझ्या गुडघ्यांवर बोलला, मग हळूच — "जुन्या वह्या वाळवी खाते हो. एखाद दिवशी नाहीशा झाल्या तर कोण विचारतंय?"

खोका त्याच्या हातात परत दिला. म्हटलं, "आईसारखी आहे ना? मग आईचं ऐक आणि घरी जा."

२८ मार्च, शुक्रवार

आता गावात मी 'पाणीवाली म्हातारी'. वाण्याच्या दुकानात गेले की बोलणं थांबतं. ज्याच्या त्याच्या डोक्यात चार खोल्या, तीन तंबू, एक उपाहारगृह. सगळ्यांना वाटतं मी त्यांच्या ताटात माती कालवली. आणि अध्यक्ष? ते म्हणतात, "आपण मधला मार्ग काढू." मधला मार्ग म्हणे! विहिरीत अर्धं पडता येतं का?

१ एप्रिल, मंगळवार

काल मोरीत पाय सरकला, उजवं मनगट सुजून भाकरीएवढं झालंय. (हे डाव्या हाताने लिहितेय. अक्षर बघून मलाच हसू येतं.) माप चुकवायचं नाही म्हणून सूनबाईला बरोबर घेऊन गेले. तिने दोर सोडला, चिमटीत धरला, मोजला.

"पंधरा हात."

"नीट मोज."

पुन्हा मोजलं. "पंधराच आहेत आई."

"अगं, गेल्या महिन्यात सोळा होते! एका महिन्यात, तेही उन्हाळ्यात, पाणी हातभर वर येतं का? लक्ष कुठे आहे तुझं?" उगाच खेकसले तिच्यावर. ती बिचारी तिसऱ्यांदा मोजायला लागली, आणि मध्येच थांबली. म्हणाली, "आई, तुमचा हात बघू."

कोपराला कोपर लावून दोघींनी हात शेजारी शेजारी धरले. तिचा माझ्यापेक्षा दोन बोटं लांब. उंच आहे पोर. "म्हणजे माझे पंधरा ते तुमचे सोळा!" ती टाळी वाजवून हसायला लागली. मीही हसले.

आणि मग माझं हसू तिथेच गोठलं. हे माझ्यापेक्षा वीतभर उंच होते.

२ एप्रिल, बुधवार

सकाळी एकटीच गेले विहिरीवर. तिथला बाक ह्यांनी स्वतः केलाय. केला तेव्हा आल्यागेल्याला सांगायचे, "तीन हात. बरोब्बर तीन हात! टेप लावायची गरज नाही मला."

डाव्या हाताने मोजला. तीन हात आणि वर दहा बोटं. पुन्हा मोजला. तीन हात, दहा बोटं.

मग बाकावर बसून बोटांवर हिशेब केला. ह्यांचे तीन म्हणजे माझे जवळजवळ साडेतीन. ह्यांचे चौदा म्हणजे माझे —

सोळा.

३ एप्रिल, गुरुवार

पाणी कुठेही गेलं नव्हतं. गेले होते ते हे.

५ एप्रिल, शनिवार

दोन दिवस घास उतरला नाही. अकरा वर्षं माप घेतलं, आणि आधीच्या पानावरचा आकडा उलटून बघावा एवढीही अक्कल झाली नाही! ते पहिले महिने कसे गेले तेच आठवत नाही, आकडे कुठले बघतेय. नुसती विहिरीवर जायची, मोजायची, लिहायची, परत यायची. तेवढं एक काम होतं, ज्याच्यासाठी अंथरुणातून उठायची.

आणि लॉजवाल्याला भर सभेत चोर ठरवून मोकळी झाले!

शेवटी आज जेवताना सांगून टाकलं. सूनबाई म्हणाली, "उद्या सभेत सांगायला हवं, आई." मला वाटलं चिरंजीव खुर्चीवरून उडी मारेल. त्याच्या चार खोल्या परत आल्या की! तर तो खाली मान घालून म्हणतो, "नको सांगूस."

"का रे?"

"हसतील तुला सगळे. आयुष्यभर हसतील. राहू दे दोन खोल्या, बघू काहीतरी."

एवढा रागावलेला माणूस, आणि पोटात हे!

पण नाही. चुकीचं माप दाखवून कोणाला अडवलं तर मी आणि तो बिस्किटवाला, दोघांत फरक काय? आराखडेवालीला फोन केला. तिने सगळं पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग म्हणाली, "चूक माझीपण आहे, मावशी. हात म्हणजे दीड फूट असं धरून मोकळी झाले. कोणाचा हात, ते विचारलंच नाही."

६ एप्रिल, रविवार

सांगितलं.

उभी राहिले, बाकाचं सांगितलं, हाताचं सांगितलं. आधी कोणाला कळेचना. मग लॉजवाल्याला कळलं, आणि तो जो हसत सुटला! "म्हणजे मावशींचा हात आखूड, म्हणून आमचे तंबू आखूड!" सगळी खोली हसली. अध्यक्षांनी तर चष्मा काढून डोळे पुसले. मी उभीच. बसावं की काय करावं कळेना. चिरंजीव मागच्या रांगेत होता, तो एकटा हसला नाही. पुढे आला, माझी खुर्ची जवळ ओढली, म्हणाला, "बस आई."

पोरगी मात्र लढली. म्हणाली, "पातळी खाली गेली नाही, ठीक. पण म्हणून कितीही उपसा चालेल असं होत नाही. नव्या बोअरआधी पाण्याची तपासणी करून घेऊ. पंधरा दिवसांचं काम आहे." अध्यक्ष म्हणाले, "तपासणी दुसऱ्या टप्प्यात. मावशींनी स्वतःच सांगितलंय ना, पाणी आहे तिथेच आहे!"

माझं नाव पुढे करून! मी म्हटलं, "मी मापाचं बोलले, बोअरचं नाही." कोण ऐकतंय. हात वर झाले. खाटांची मर्यादा गेली. तिसरा बोअर मंजूर. अक्षरं मंजूर. लाल फरशी मंजूर.

मी खरं बोलले आणि त्या लोकांना हवं ते मिळालं. हे कसं काय होतं, कोणी समजावून सांगेल का मला?

७ एप्रिल, सोमवार

वाण्याच्या दुकानात आज तिघांनी मला हात मोजून दाखवला. एकाला म्हटलं, "जिभेचं माप घे आता."

१ मे, गुरुवार

पोरगी दुसऱ्या कामावर गेली. जाताना मला लोखंडी टेप देऊन गेली, दहा मीटरची, डबीतून सर्रकन निघते. "आता कोणाच्याही हाताने मोजा, मावशी, आकडा तोच येईल."

सहा मीटर त्र्याहत्तर. छान आहे टेप. पण हातात दोर नसला की चुकल्यासारखं वाटतं.

१८ मे, रविवार

तंबू भरलेत. तिसऱ्या बोअरची मोटर सकाळपासून संध्याकाळपर्यंत भुणभुणत असते. किनाऱ्यावर ती अक्षरं उभी राहिली. लोक त्यांच्याकडे तोंड आणि समुद्राकडे पाठ करून फोटो काढतात. कचऱ्याचे डबे अजून आले नाहीत. तेही दुसऱ्या टप्प्यात असतील.

आमच्या सहा खोल्या झाल्या. खोटं कशाला बोलू, देखण्या झाल्यात. चिरंजीव प्रत्येक दाराची कडी लावून-उघडून बघतो. कर्ज काढलंय, धास्ती आहेच, पण कित्येक वर्षांनी त्याला शीळ घालताना ऐकलं. मला वाटतं, मीच उगाच जिवाला घोर लावून घेतला होता. पाणी आहे तिथेच आहे.

३१ मे, शनिवार

उद्या संध्याकाळी पहिले पाहुणे! सहाच्या सहा खोल्या भरल्या. सूनबाई म्हणते, नव्या चादरी एकदा धुवून घालू, नव्या कापडाला वास येतो. चिरंजीवाने मला विचारलं, "आई, पाहुण्यांना काय म्हणायचं, दादा-वहिनी की सर-मॅडम?" म्हटलं, "आधी बसा म्हण. पुढचं तेच सांगतील."

१ जून, रविवार

सकाळी विहिरीवर निघाले तर मोरीतून सूनबाईचा आवाज — "आई, साबण बदललात का? फेसच येत नाहीये!"

साबण तोच होता.

टेप सोडली. सहा मीटर त्र्याहत्तर. गेल्या महिन्याइतकंच, तसूभर फरक नाही.

बादली वर काढली. ह्यांच्या बाकावर बसले आणि फिल्टर घरात आल्यापासून पहिल्यांदा ओंजळभर पाणी तोंडात घेतलं.

खारट. पाणी आहे तिथेच होतं, वरची साय गेली होती.

घरी येऊन ह्यांच्या वह्या उघडल्या. एकूणएक आकड्यापुढे ते टिंब आहे. आठ वर्षं, दर महिन्याला, आधी ओंजळभर चव, मग माप, मग टिंब.

आजचा आकडा लिहिला. पुढे टिंब दिलं नाही.